डोंगर पडायची वाट बघणारं गाव

‘ब्योल्गन’ म्हणजे लाट. या नावाचा नॉर्वेजियन सिनेमा २०१५ साली आला. मी तो कॉलेजात असताना होस्टेलच्या खोलीत पाहिला, एका लॅपटॉपभोवती पाच मुली बसून. डोंगराचा कडा कोसळून फ्योर्डमध्ये पडतो, पाण्याची भिंत उठते आणि दहा मिनिटांत एक गाव गिळते, अशी गोष्ट. सिनेमा संपल्यावर आम्ही मॅगी केली आणि विसरून गेलो.

गेल्या सप्टेंबरात मी त्या गावात तीन दिवस राहून आले. गावाचं नाव गाइरांगर. ताई बर्गनला शिकते, तिच्याकडे गेले होते. तिनेच हे ठरवलं. तिला फोटो काढायचे होते आणि मला सिनेमातली जागा बघायची होती. तिसऱ्या दिवशी परत निघताना आम्हा दोघींच्या फोनमध्ये शेकडो फोटो होते, पण माझं त्या सिनेमाशी भांडण सुरू झालं होतं. हा लेख त्या भांडणाबद्दल आहे. पुढे सिनेमाची गोष्ट उघड होते, हे आधीच सांगते.

आधी गाव. हेलसिल्टहून फेरीने गाइरांगरला जायला एक तासाच्या थोडं वर लागतं. फेरी सुन्यल्व फ्योर्डमधून उत्तरेकडे निघते आणि मग उजवीकडे गाइरांगर फ्योर्डमध्ये वळते. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली दरी आणि त्यात शिरलेला समुद्र. त्यामुळे काठ असा नसतोच. कडा सरळ पाण्यातून वर जातो आणि पाण्याखालीही तसाच खाली जातो. गाइरांगर फ्योर्ड साधारण पंधरा किलोमीटर लांब आहे आणि गाव त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. वाटेत एका कड्यावरून सात धारा शेजारी शेजारी पडतात. त्यांना सात बहिणी म्हणतात. समोरच्या कड्यावर एकटा पडणारा धबधबा आहे, तो म्हणे त्यांना मागणी घालणारा. ताई म्हणाली, इतकी शतकं कोण थांबतं!

मला मात्र धबधब्यांपेक्षा कड्यावरची रिकामी घरं जास्त दिसत राहिली. पाण्यापासून शेकडो मीटर उंचावर, डोंगराच्या एखाद्या छोट्या सपाट तुकड्यावर माणसं शेती करत, शेळ्या पाळत राहायची. स्कागेफ्लो, क्निव्सफ्लो अशी त्या वाड्यांची नावं. आता तिथे कोणी राहत नाही. सात बहिणींजवळची क्निव्सफ्लो वाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडली गेली, कारण वरचा खडक कधीही अंगावर येईल अशी धास्ती होती. म्हणजे या फ्योर्डमध्ये डोंगराला घाबरून घर सोडणं सिनेमाच्या शंभर वर्षं आधीपासून चालू आहे. फेरीवरून ती घरं चित्रातल्यासारखी दिसतात. मीही फोटो काढला.

गावात जेमतेम अडीचशे माणसं राहतात. उन्हाळ्यात इथे अवाढव्य क्रूझ जहाजं येतात आणि एकेका दिवशी गावाच्या कित्येक पट माणसं उतरतात. २००५ पासून हा फ्योर्ड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्ही गेलो तेव्हा हंगाम संपत आला होता. दुपारची फेरी गेली की गावात धबधब्याचा आवाज तेवढा उरायचा. तो धबधबा गावाच्या मधूनच उतरतो आणि त्याच्या कडेने लोखंडी जिना वर जातो, तीनशेहून जास्त पायऱ्या. थोडं वर एक पांढरं, लाकडी, आठ कोनांचं चर्च आहे, १८४२ सालचं. चर्चच्या आवारात उभं राहिलं की खाली सगळं गाव दिसतं: धक्का, दोन-चार दुकानं, कॅम्पिंगची जागा, आमची लाकडी खोली. खोली पाण्यापासून पन्नास पावलांवर होती.

पहिल्या रात्री त्या खोलीत, पांघरुणात शिरून, मी फोनवर ‘ब्योल्गन’ दुसऱ्यांदा पाहिला. आणि या वेळी तो मला होस्टेलमध्ये वाटला होता त्यापेक्षा खूप चांगला वाटला. निदान पहिला अर्धा भाग.

दिग्दर्शक रोआर उथाउग. नायक क्रिस्तियान (क्रिस्तोफर योनर) भूगर्भशास्त्रज्ञ आहे. डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातला त्याचा हा शेवटचा दिवस. तेलकंपनीत नोकरी लागली आहे, घर आवरून झालंय, खोकी बांधली आहेत. बायको इदुन (आने डाल तोर्प) गावातल्या हॉटेलात काम करते आणि तिचे अजून काही दिवस बाकी आहेत. मुलगा वयात आलेला, सतत कानात हेडफोन. मुलगी लहान. यात आपत्तीपटासारखं काहीच नाही. रिकाम्या होत चाललेल्या घरातला तो विचित्र मोकळेपणा, सहकाऱ्यांचा निरोप घेताना दोन्हीकडून होणारा संकोच, या सगळ्याला उथाउग वेळ देतो. डोंगराची दृश्यंही तो पोस्टकार्डासारखी घेत नाही. एरवी कड्याकडे पाहताना आपण खालून वर बघतो. इथे कॅमेरा वरून खाली, त्या चिमुकल्या गावाकडे बघतो आणि नकळत आपण डोंगराच्या बाजूने बघायला लागतो.

मग संगणकावर काही आकडे विचित्र दिसतात. भेगेतली काही यंत्रं एकदम गप्प होतात. फेरीच्या रांगेत मुलांना घेऊन थांबलेला क्रिस्तियान गाडी वळवतो आणि केंद्रावर परत येतो. इथे सिनेमातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग आहे. लाटेचा नव्हे, एका खोलीतल्या वादाचा. क्रिस्तियान म्हणतो, गाव रिकामं करा. प्रमुख म्हणतो, नुसत्या शंकेवर नाही करता येणार, हंगाम चालू आहे, गाव पर्यटकांनी भरलंय. प्रमुख खलनायक नाही. त्याची अडचण खरी आहे. भोंगा वाजवला आणि काहीच झालं नाही तर? पुढच्या वेळी कोण ऐकेल?

या प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा राहू शकला असता. पण त्या रात्री डोंगर पडतो आणि प्रश्न मिटतो.

लाटेचा प्रसंग चांगलाच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. भोंगा, वळणावळणाच्या रस्त्यावर अडकलेल्या गाड्या, पळत चढणारी माणसं आणि अंधारात आधी फक्त आवाज. हे सगळं मोजक्या पैशांत आणि संयमाने केलंय. पण लाट ओसरल्यावर सिनेमा गाव सोडून हॉटेलच्या तळघरात शिरतो. बायको आणि मुलगा तिथे अडकलेत, पाणी चढतंय, नायक त्यांना शोधत येतो. इथून पुढचं सगळं आपण आधी पाहिलेलं आहे: पाण्याखाली श्वास रोखणं, मेल्यासारख्या झालेल्या बापाने शेवटच्या क्षणी परत श्वास घेणं, कुटुंबाची मिठी. मधे एक भयंकर प्रसंग येतो. घाबरलेला एक डॅनिश पर्यटक जिवाच्या आकांताने मुलालाच पाण्यात दाबायला लागतो आणि इदुन मुलाला वाचवण्यासाठी त्या माणसाला बुडवून मारते. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दिसतं ते मी विसरणार नाही. सिनेमा मात्र लगेच विसरतो. गावातली बाकीची मेलेली माणसंही तो विसरतो. एका बसमध्ये नायकाला प्रेतं दिसतात, त्यात आपलं कोणी नाही एवढी खात्री करून तो पुढे जातो आणि आपल्यालाही पुढे नेतो. एका घरातली चार माणसं वाचली, म्हणजे गोष्ट संपली.

शेवटी पडद्यावर अक्षरं येतात: हा डोंगर खरा आहे, तो पडणार आहे, कधी ते माहीत नाही.

फोन बंद केला आणि पडून राहिले. ताई झोपली होती. बाहेर पाण्याचा आवाज येत होता.

डोंगर खरा आहे. त्याचं नाव ओकनेस. फेरी गाइरांगर फ्योर्डमध्ये वळते त्याच परिसरात, सुन्यल्व फ्योर्डच्या पश्चिम काठावर तो आहे. त्याच्या उतारावर शेकडो मीटर लांबीची भेग आहे आणि ती दर वर्षी काही सेंटीमीटरने रुंदावते. सगळ्यात वाईट अंदाज धरला तर ५ कोटी घनमीटरहून जास्त खडक एकदम खाली येऊ शकतो. अरुंद फ्योर्डमध्ये लाटेला पसरायला जागाच नसते. दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे ती लांब लांब जाते आणि फ्योर्डच्या टोकाला, म्हणजे नेमकी जिथे गावं आहेत तिथे, उंच चढते. हे नुसतं गणित नाही. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे जवळच्याच टाफ्योर्डमध्ये कडा कोसळला होता. खडक ३० लाख घनमीटरच्या आसपास, म्हणजे ओकनेसच्या मानाने किरकोळ. लाट काही ठिकाणी ६० मीटरहून उंच चढली आणि ४० माणसं गेली. त्याच्या दक्षिणेला लोएनच्या सरोवरात तर एकाच डोंगराने दोनदा घात केला: १९०५ मध्ये ६१ माणसं आणि १९३६ मध्ये ७४. पहिल्या वेळी वाचलेले काही लोक तिथेच राहिले होते. राहणार नाहीत तर जाणार कुठे?

म्हणून आज ओकनेसवर लेझर, जीपीएस, रडार, भेगेत बसवलेली मोजमापाची यंत्रं असा सगळा पहारा आहे. देखरेख स्ट्रांडा या गावातून चालते. सिनेमाने ते केंद्र गाइरांगरमध्येच आणून ठेवलं. नायक, बायको, मुलं आणि डोंगर एकाच चौकटीत हवे होते, त्यामुळे हे स्वातंत्र्य मला चालतं. मला खटकतं ते दुसरं. सिनेमाने भीती दहा मिनिटांची केली. गावाची भीती दहा मिनिटांची नाही. ती रोजची आहे, आणि रोजची असल्यामुळे ती भीतीसारखी दिसतही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात बिल करताना मी तिथल्या बाईंना भीत भीत विचारलंच, सिनेमा बघितलात का? त्या हसल्या. बघितला, म्हणाल्या. मग सुटे पैसे परत केल्यासारख्या सहज म्हणाल्या की डोंगर पडेल तेव्हा आम्हाला आधी कळवतील, आम्ही वर जाऊ आणि मग घरं नसतील. एवढंच. त्यांना सिनेमाबद्दल राग नव्हता आणि फार कौतुकही नव्हतं. मला वाटलं, त्या बाईंच्या वाक्यात जी गोष्ट आहे ती पडद्यावर नाहीच. वेळेवर कळवलं, सगळे वाचले आणि गाव गेलं. किंवा वेळेवर कळवलं, सगळे वर गेले आणि काहीच झालं नाही. परत आले. पुन्हा कळवलं.

ही शेवटची गोष्ट नॉर्वेत खरोखर घडली आहे. गाइरांगरच्या ईशान्येला रोम्सडालच्या दरीत मानन नावाचा डोंगर आहे. त्याच्या एका सुट्या भागाला वेस्लेमानन म्हणतात, म्हणजे ‘छोटा माणूस’. २०१४ च्या शरद ऋतूत तो पडणार, आत्ता पडणार अशी चिन्हं दिसली. पायथ्याची घरं रिकामी केली. नॉर्वेचं टीव्ही चॅनल कॅमेरे लावून बसलं. देशभर लोक एका खडकाकडे टक लावून बघत राहिले. खडक पडला नाही. लोक घरी परतले. मग पुन्हा बाहेर पडावं लागलं, पुन्हा परतले. असं पाच वर्षांत सोळा वेळा झालं. ५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री वेस्लेमानन खरंच कोसळला. खाली कोणीही नव्हतं.

या घटनेवर आपत्तीपट निघणार नाही, कारण यात मरणारं कोणी नाही आणि पडद्यावर सोळा वेळा बॅगा भरताना कोण बघणार? पण मला आता हीच गोष्ट मोठी वाटते. पंधरा वेळा घर सोडून, पंधरा वेळा हसं झाल्यावर सोळाव्या वेळी पुन्हा दार लावून निघायला काय लागतं? आणि पंधरा वेळा अंदाज चुकल्यावर सोळाव्या वेळी ‘निघा’ म्हणायला काय लागतं? ‘ब्योल्गन’मधला प्रमुख ज्याला घाबरतो तेच इथे माणसांनी वर्षानुवर्षं केलं.

आपत्तीपटाच्या साच्यात ही माणसं बसतच नाहीत. त्या साच्यात इशारा देणाऱ्याचं नेहमी खरं ठरतं. क्रिस्तियानवर कोणी विश्वास ठेवत नाही, डोंगर पडतो, क्रिस्तियान बरोबर. आपल्याला टाळ्या वाजवता येतात. पण डोंगर त्या रात्री पडला नसता तर? तोच क्रिस्तियान, तेच आकडे, तोच निर्णय, आणि सकाळी चिडलेले पर्यटक. तेव्हा तो मूर्ख ठरला असता का? सिनेमा हा प्रश्न घ्यायचं टाळतो. २०१८ मध्ये याचा पुढचा भाग आला, ‘स्क्येल्वे’, म्हणजे भूकंप. दिग्दर्शक दुसरा. त्याच्या सुरुवातीला क्रिस्तियान एकटा, खचलेला, वाचवता न आलेल्या माणसांचा हिशोब करत बसलेला दिसतो. वाटतं, आता हा सिनेमा थांबून बघेल. पण लवकरच ओस्लोच्या इमारती पडायला लागतात आणि क्रिस्तियान पुन्हा बरोबर ठरतो.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगायला हवं.

माझ्या आत्याचं सासर पोलादपूरच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. काही वर्षांपूर्वी जुलैत त्यांच्या वाडीला दरडीचा धोका म्हणून हलायची नोटीस आली. बाकीचे शाळेत जाऊन राहिले, आत्या पुण्याला आमच्याकडे आली. पंधरा दिवस राहिली. डोंगर होता तिथेच राहिला. बाबा रोज सकाळी चहाच्या वेळी चेष्टेने विचारायचे, “काय गं, पडला का तुझा डोंगर?” आम्ही सगळे हसायचो. मी पण. आत्याही हसायची. पुढच्या वर्षी पुन्हा नोटीस आली, तेव्हा ती कुठेच गेली नाही. फोनवर आईला म्हणाली, “दरवर्षी कोण हसू करून घेणार, वहिनी? आणि म्हशींना कोण बघणार?”

त्या वर्षीही काही झालं नाही. आत्या ठीक आहे. पण माळीण आपल्याला माहीत आहे. ३० जुलै २०१४ ची सकाळ, दीडशेहून जास्त माणसं. एसटीच्या ड्रायव्हरला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. इर्शाळवाडी माहीत आहे, १९ जुलै २०२३ ची रात्र. सापडलेले आणि न सापडलेले मिळून ऐंशीच्या वर. तिथे भोंगा वाजला नव्हता. नॉर्वेकडे पैसा आहे, माणसं थोडी आहेत, डोंगर मोजता येतात. ती तुलना इथे करत बसण्यात अर्थ नाही. यंत्रं कुणाकडे किती, हा एक प्रश्न. पण यंत्राने सांगितल्यावर, किंवा तलाठ्याने सांगितल्यावर, जो माणूस घर सोडतो आणि ज्याचा डोंगर पडत नाही, त्याच्याशी आपण कसं वागतो, हा दुसरा. त्यासाठी रडार लागत नाही.

लहानपणी आपल्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगितलेली असते, लांडगा आला रे आला. त्यातून आपण शिकतो की खोटा इशारा देणारा लबाड असतो आणि त्यावर धावणारे वेडे. पण डोंगराच्या बाबतीत लबाडी करणारं कोणीच नसतं. लांडगा खरंच झुडपात बसलेला असतो, फक्त आज उठेल की पंधरा वर्षांनी ते सांगता येत नाही. त्या गोष्टीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की बाबांना चेष्टा सुचली आणि मला हसू आलं. ‘ब्योल्गन’ही शेवटी त्याच गोष्टीची दुसरी बाजू सांगतो: लांडगा आला, बघा, मी म्हणालो नव्हतो? लांडगा न आलेल्या रात्रीचं काय, हे दोघंही सांगत नाहीत.

एवढं म्हणूनही मी म्हणेन, सिनेमा बघा. पहिली चाळीस मिनिटं तरी बघा, आणि केंद्रातल्या त्या वादाच्या प्रसंगाला थांबवून थोडा विचार करा. तुम्ही प्रमुख असता तर काय केलं असतं? त्यापुढची लाट मोठ्या पडद्यावर जास्त चांगली दिसते, फोनवर तिचं फार काही होत नाही.

शेवटच्या सकाळी आम्ही ओर्नेवेगनने वर गेलो. ओर्नेवेगन म्हणजे गरुडाचा रस्ता, अकरा अवघड वळणांचा, १९५५ साली खुला झालेला. वरच्या वळणावर बस थांबली. खाली फ्योर्ड, टोकाला गाव, सात बहिणी, सगळं एका चौकटीत बसत होतं. या गावाचं हेच चित्र जगभर फिरतं. ताईने मला कठड्याशी उभं करून फोटो काढला. मी मागे वळून गावाकडे बघत होते, त्यामुळे फोटोत माझा चेहरा नाही. दुकान कुठलं ते वरून ओळखता येत नव्हतं.

खाली उतरल्यावर नेटवर्क आलं. मी तो फोटो आत्याला पाठवला. तिने लिहिलं, “छान आहे. डोंगर अगदी आपल्यासारखेच.” मी टाइप केलं, “आत्या, या जुलैत नोटीस आली तर ये हं. बाबा काही बोलणार नाहीत.” आणि बाबांनाही तोच मेसेज पुढे पाठवला.